एका डब्यात दोघींच्या गोळ्या

उकडलेलं अंडं सुरीनं कापलं की पिवळं एका बाजूला जास्त जातं, हे तराजूबाईला मान्य नव्हतं. ती दोरा घ्यायची. काजाचा, मेण ओढलेला, पक्का दोरा. एक टोक दातात, एक बोटात, नि अंड्याच्या बरोबर कमरेतून असा सपकन ओढायची की दोन्ही अर्धुकांत पिवळं सारखं. एक अर्धुक धाकट्या जावेपुढे, एक आपल्यापुढे. दीर समोर बसलेला असला तर त्याला अख्खं अंडं. तो या वाटणीत धरलेलाच नव्हता.

तराजूबाई हे नाव त्या दिरानंच ठेवलेलं. बाईचा नवरा तरणाताठा गेला, पोरबाळ नाही. मागे राहिली ती, तिचा दीर आणि दिराची बायको, म्हणजे तिची धाकटी जाऊ. माहेरी भावंडांचं लेंढार, तिथं बाईच्या वाट्याला कायम पातेल्याच्या बुडाचं खरवडून आलेलं. म्हणून असेल, पण कमी-जास्त वाटणी दिसली की तिच्या कपाळावरची शीर उडायची. धाकटी नवी नवरी होऊन आली तेव्हा गल्लीनं कान टवकारले होते, की आता भांड्याला भांडं लागणार. तराजूबाईनं पहिल्याच दिवशी कपाटाचे कप्पे वाटले, खुंट्या वाटल्या, आणि खिडकीखालच्या फरशीवर खडूनं रेघ मारली.

"हा उजेड तुझा, हा माझा. ऊन सरकलं की जागेची अदलाबदल."

"आणि ढग आले तर हो, ताई?" धाकटीनं विचारलं.

"तर अंधार निम्मा निम्मा."

तिथनं दोघींचं जे जुळलं ते जुळलं. दीर म्हणायचा, माझं लग्न हिच्याशी झालं की वहिनीशी हिचं झालं, हेच कळेना.

खिडकीखालचा उजेड लागायचा तो काजांसाठी. गल्लीतले शिंपी कोट शिवत, पण भारी कोटाला मशीनचं काज म्हणजे राजाच्या पायात रबरी चप्पल, असा जुन्या शिंप्यांचा बाणा. ते कोट या दोघींकडे येत. कात्रीनं चीर द्यायची, चिरेची कड गुंफायची, मग टाक्याला टाका खेटून न्यायचा, प्रत्येक टाक्याला गाठ, गाठी अशा की मुंग्या रांगेनं चालल्यात. तराजूबाईचं काज उलट बाजूनं बघितलं तरी सुलट वाटायचं. तिच्या बोटांत देव नव्हता, सवय होती, नि सवयीवर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा.

त्या बोटांनाच दृष्ट लागली.

आधी सकाळी बोटं आखडायची. नळ फिरवता येईना, तर ती कोपरानं फिरवायची. मग मनगट सुजलं, मग गुडघा. बोटांचे पेर गाजरासारखे लाल नि टणक झाले. सुई हातातून पडायची आणि पडलेली सुई उचलणं हे पेरणीपेक्षा मोठं काम होऊन बसलं. काही वर्षांनी, अगदी तसंच, धाकटीचं सुरू झालं. आता आली का पंचाईत! रक्ताचं नातं नाही, नि दुखणं एक. कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी म्हणाला, "एका सुईनं शिवता, लागलं असेल एकीचं दुसरीला." गल्लीतल्या चार बायकांनी त्यांच्या हातून चहाचा कप घेणं बंद केलं.  पुढच्या वेळी त्या दारात दिसल्या तेव्हा तराजूबाईनं मुद्दाम त्यांच्या पाठीवरनं प्रेमानं हात फिरवला. एकेकीनं असं काही अंग चोरलं म्हणता!

मोठ्या दवाखान्यातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हा रोग चिकटत नाही, दोघींना होणं हा योगायोग. जुन्या गोळ्या दिल्या. त्यांनी दुखणं निम्म्यावर आलं नि तिथंच पाय रोवून बसलं. मग एके दिवशी डॉक्टरीणबाईनं दोघींना समोर बसवलं आणि नव्या औषधाची गोष्ट काढली.

"मावशी, आपल्या शरीरात एक पहारेकरी असतो. बाहेरचे जंतू आले की त्यांच्यावर काठी चालवतो. तुमच्या पहारेकऱ्याचं डोकं फिरलंय. तो घरच्याच माणसांना झोडपतोय. तुमचे सांधे म्हणजे घरची माणसं."

"मग त्याला कामावरनं काढा की."

"काढला तर चोरांना मोकळं रान. हे नवं औषध त्याची काठी आखूड करतं. त्यानं दुखणं किती उतरतं आणि चोरांचं किती फावतं, हेच आम्हाला बघायचंय. म्हणून पुष्कळ लोक घेतलेत. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. जुन्या गोळ्या सगळ्यांना चालू राहतील."

निम्मे निम्मे म्हटल्यावर तराजूबाईनं कान दिला. "कुणाला औषध नि कुणाला पीठ, ते कोण ठरवतं? तुम्ही?"

"मशीन चिठ्ठी काढतं. मला माहीत नाही."

"तुम्हाला नाही? मग गोळ्या देणाऱ्याला?"

"त्यालाही नाही."

"ही जी सांधे दाबून बघते, या सिस्टरला?"

"तिला तर मुळीच नाही."

"अहो, मग हे सगळं चालवतंय कोण? आंधळ्यांची वरात झाली की ही!"

डॉक्टरीणबाई हसली. "मला कळलं ना मावशी, तर माझंच मन मला फसवेल. औषधवाल्याला मी नकळत गोड आवाजात विचारेन, 'बरं वाटतंय ना?' आणि तो माझं मन राखायला हो म्हणेल. म्हणून डोळे आम्हीच बांधून घेतलेत. शेवटी सगळ्यांचे एकदम सोडायचे."

 शिकलेलं माणूस, पांढरा कोट घातलेलं, 'मला माहीत नाही' असं मान ताठ ठेवून सांगतं, हे तराजूबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिच्या ओळखीतले सगळे शहाणे न माहीत असलेलंच जास्त मोठ्यानं सांगायचे. पलीकडे सिस्टर एका म्हाताऱ्याच्या बोटाचा पेर दाबत होती. दाबताना तिचं लक्ष म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नव्हतं, स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे होतं. नख पांढरं पडलं की थांबायची. सगळ्यांना सारखंच दाबायचं, राजा असो की भिकारी. ते पांढरं नख बघून बाईच्या अंगावर काटा आला. इतकी बारीक वाटणी करणारी माणसं जगात आपल्याशिवाय आहेत, याचा तिला पत्ताच नव्हता.

दोघींनी सह्या केल्या. निघताना डॉक्टरीणबाईनं बजावलं, "ताप, खोकला, गळू, काहीही झालं तरी लगेच मला कळवायचं. साधं म्हणून अंगावर काढायचं नाही. आणि आपापल्याच बाटलीतली गोळी घ्यायची."

हे शेवटचं वाक्य बाईनं ऐकलं. पण रस्त्यात ते कुठंतरी सांडलं.

घरी आल्यावर दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. सारख्या बाटल्या, फिकट पिवळ्या सारख्या गोळ्या, फक्त नंबर वेगळे. तराजूबाई त्यांच्याकडे बघत बसली. तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"समजा तुझ्या बाटलीत पीठ असलं," ती म्हणाली.

"असलं तर असलं."

"नि माझ्यात औषध. म्हणजे मी तुझ्यासमोर बरी होणार नि तू माझ्यासमोर वाकडी होणार. एका चुलीवर."

"ताई, सही केलीय आपण."

"सही हातानं केली. मनानं कुठं केली?" असं म्हणत तिनं बटणांचा रिकामा डबा घेतला, दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या आणि डबा खुळखुळवला. "आता रोज सकाळी एक तुला, एक मला. त्या मशीननं चिठ्ठी काढली, आता आपण काढू."

धाकटीनं हात मागे घेतले. "डॉक्टरांना कळलं तर?"

"कसं कळणार? त्यांनीच तर डोळे बांधलेत."

इतक्या मोठ्या पट्टीनं डोळे बांधणाऱ्या माणसांना फसवणं किती सोपं असतं, हे बाईला तेव्हा जाणवलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या दोन बाटल्यांत सारख्या भरायच्या. सिस्टर मोजायची, संख्या बरोबर भरायची. मोजमापात तराजूबाईला कोण हरवणार!

आणि मग एका सकाळी बाई नळाकडे गेली, हात पुढे केला, पाणी आलं, तोंड धुतलं, आणि ओला चेहरा घेऊन ती तशीच उभी राहिली. नळ तिनं बोटांनी फिरवला होता. कोपर लागलंच नव्हतं. तिनं बंद केला. परत उघडला. दीर ओरडला, "वहिनी, टाकी रिकामी करता का आता?"

"रिकामी झाली तर होऊ दे! तू बघ तर खरं!"

धाकटीनं त्याच आठवड्यात स्वतःची वेणी स्वतः घातली. खिडकीखालची पुसट रेघ खडूनं नवी झाली. बाईनं जुन्या कापडावर एक काज करून पाहिलं. पहिले टाके झिंगलेल्यासारखे गेले. मग बोटांना वाट आठवली. शेवटची गाठ बसली तेव्हा तिनं ते काज डोळ्यांपुढे धरून त्यातनं खिडकीबाहेर पाहिलं. एवढ्याशा भोकातनं समोरच्या घराचा पत्रा, त्यावरचं मांजर, आणि वरचं आभाळ, सगळं मावलं. तिनं धाकटीलाही दाखवलं. दोघी एका काजातनं आळीपाळीनं मांजर बघत बसल्या, पोरीसोरींसारख्या.

"पीठ कुणाचं नि औषध कुणाचं, कळायला मार्ग नाही," धाकटी म्हणाली.

"दोन्हीही औषधच असणार. बघ ना, दोघींचे हात उघडले."

असं स्वतःला सोयीचं गणित मांडायला तराजू लागत नाही.

पुढे गल्लीत खोकल्याची साथ आली. घरोघरी ढास. दिराला झाला, गेला. बाईला झाला, गेला. धाकटीचा राहिला. ताप म्हणावा तर नाही, अंग कोमट. पण जिना चढताना ती मधेच थांबून कठडा धरायची आणि वरच्या पायरीकडे बघायची, जणू ती पायरी कुणी रातोरात उंच केलीय. बाईला डॉक्टरीणबाईचं बजावणं आठवलं. तिनं दवाखान्यात कळवलं नि धाकटीला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईनं छातीला नळी लावली, बोटाला चिमटा लावला, ताप पाहिला. "तापाचा आकडा तर किरकोळ आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "पण ते औषध चालू असलं तर आकड्यावर विसंबता येत नाही. तातडीला चिठ्ठी उघडायची सोय असते. हिची उघडते." ती कॉम्प्युटरपुढे बसली, आणि थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. "बरं झालं. हिला पिठाची गोळी होती. म्हणजे पहारेकरी जागेवर आहे. साधा खोकला दिसतो. गोळ्या देते, घरी आराम करा. उद्या सकाळी येऊन छातीचा फोटो काढून जा."

तराजूबाईला तो बटणांचा डबा आठवला. पीठ हिच्या बाटलीत होतं. पण बाटली कुठं राहिली होती?

बोलावं तर ओठांवर आलेलं सगळं तिथंच सांगावं लागणार. मग आपलीही चिठ्ठी उघडणार, गोळ्या बंद, नि हे हात परत गाजरं. न बोलावं तर काय, रात्रीचाच प्रश्न आहे, सकाळी फोटो निघणारच. धाकटी उठली. तिनं बाईचा हात धरला नि डॉक्टरणीला न दिसेल असा दाबला. तिच्या डोळ्यांत सरळ लिहिलं होतं, गप्प बस ताई, तुझे हात जातील.

दाबला, तो कसा! करकचून. बाईची बोटं एकमेकांवर चढली. बाईनं खाली पाहिलं. धाकटीच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. वर्षापूर्वी या हातानं कप उचलवत नव्हता. पिठाच्या गोळीनं मूठ अशी वळते?

"डॉक्टर," बाई म्हणाली, "तुमचं मशीन खरं सांगतंय. आम्ही खोटं वागलो."

"ताई!"

"गप गं. आम्ही दोघींच्या गोळ्या एका डब्यात घातल्या. पहिल्या दिवसापासून. हिच्या पोटात काय गेलं ते हिलाही माहीत नाही नि मलाही."

डॉक्टरीणबाईचा चेहरा कोटासारखा पांढरा झाला. बाईला वाटलं, आता फाडून खाणार.  पण डॉक्टरीणबाईनं खुर्ची वळवली, बाईचा नंबर घातला, आणि वाचलं.

"तुमच्या बाटलीत औषध होतं, मावशी."

मग जे चक्र फिरलं! चाकाची खुर्ची आली, फोटो त्याच वेळी निघाला. डॉक्टरीणबाईनं तो पडद्यावर लावला नि बाईला जवळ बोलावलं. काळ्या दोन पिशव्या, फासळ्यांचे पिंजरे. एका पिशवीचा तळ पांढराफेक, दूध सांडल्यासारखा.

"हा न्यूमोनिया. काठी आखूड झालेली, म्हणून आतला पहारेकरी ओरडलाच नाही. ताप म्हणजे त्याची आरोळी असते. आरोळी नाही म्हणून चोर नाही, असं मी समजले असते."

बाई त्या फोटोकडे बघत राहिली. जिच्याबरोबर उजेड वाटून घेतला त्या धाकटीची छाती आतून अशी! इतकी नाजूक, पिसाच्या मुळासारखी. आणि एवढीशी फिकट गोळी त्या अंधारात जाऊन पहारेकऱ्याच्या तोंडावर हात ठेवते, नि त्याच हातानं बोटांची कुलपं उघडते. तिला एकदम हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

धाकटीला नाकात प्राणवायूची नळी लागली, शिरेतून औषध सुरू झालं. दीर धावत आला, सगळं ऐकलं, आणि वॉर्डच्या दारातच म्हणाला, "वहिनी, सगळं अर्धं अर्धं करता, मग हा आजार तेवढा अख्खा तिलाच का दिला?"

  बाई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली आणि धाकटीच्या पांघरुणाचं वर-खाली होणं बघत राहिली. दिरानं नंतर चहा आणला, तिच्या हातात दिला. तोही अर्धा.

औषधानं काम केलं. हळूहळू धाकटीच्या श्वासातली करवत थांबली. नळी निघाल्यावर तिचं पहिलं बोलणं, "ताई, तुझ्या वाट्याचं औषध मी खाल्लं गं."

"आणि तुझं पीठ मी खाल्लं. फिटंफाट."

"तुझ्या गोळ्या थांबल्या?"

"थांबल्या."

धाकटी भिंतीकडे तोंड करून रडली. बाई म्हणाली, "रडू नको, खोकला येईल."

घरी सोडायच्या दिवशी तराजूबाई डॉक्टरीणबाईच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना. "तुमचं एवढं मोठं काम, एवढ्या लोकांनी डोळे बांधून केलेलं. आम्ही त्यात माती कालवली. आमची दोघींची नावं खोडून टाका."

"नावं खोडता येत नाहीत."

"का? मी सांगते की, खोडा."

"मावशी, चिठ्ठी ज्या बाजूला पडली त्या बाजूला तुम्ही शेवटपर्यंत मोजल्या जाणार. तुम्ही औषधवाल्यांत, तुमच्या जाऊबाई पीठवाल्यांत. गोळी घेतली, विसरली, फेकली, वाटून खाल्ली, तरी. तुमचे सांधे आम्ही शेवटपर्यंत तपासणार. हो, त्यांचा न्यूमोनिया मात्र औषधाच्या नावावरच लिहिलाय. पोटात जे गेलं त्याच्या नावावर."

"पण आम्ही तर चुकलो!"

"चुकणारी माणसं काढून टाकली तर मागं कोण राहील? सगळी गुणाची माणसं. आणि उद्या हे औषध दुकानात आलं की ते घेणार कोण? विसरणारी, वाटून खाणारी, ताप अंगावर काढणारी. औषध त्यांना किती उपयोगी पडेल, तेच तर आम्हाला कळायला हवं. मी तुमच्यावर चिडले होते, खोटं कशाला सांगू. रात्रभर चिडले होते. पण तुम्हाला खोडलं तर माझाच हिशेब खोटा पडेल."

तराजूबाई आता बसली. तिला गल्लीतली सगळी माणसं आठवली, माहेरची लेंढारं आठवली, पातेल्याचं बूड खरवडणारा चमचा आठवला. आयुष्यभर तिनं वाटण्या केल्या, त्या चांगल्या वागणाऱ्यांच्या. दीर उलट बोलला की त्याची साय कमी. इथं कुणीतरी असा तराजू बनवून ठेवला होता की त्यात चुकलेला माणूसही चुकीसकट बसत होता, नि काटा त्यालाही धरून हलत होता.

"हे कुणी ठरवलं?" तिनं हळूच विचारलं.

"आमच्या आधीच्या लोकांनी. फार चुका करून." डॉक्टरीणबाई थोडी हसली. "एक नियम नवा आलाय. एका घरातली दोन माणसं असली तर दोघांना मिळून एकच चिठ्ठी, म्हणजे दोघांना औषध नाहीतर दोघांना पीठ. तो तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"डबा कुणाचा होता?"

बाईचे हात त्या हिवाळ्यात परत आखडले. सगळे नाही, डॉक्टरीणबाईनं जुनं औषध वाढवून काही बोटं राखली. धाकटीच्याही गोळ्या सुटल्या, पण तिचं दुखणं जुन्या औषधावरच दबून राहिलं. भारी कोट आता धाकटीकडे जास्त जातात. दोघींचे हात सारखे राहिले नाहीत, नि खिडकीखालची रेघ बाईनं स्वतःच पुसून टाकली. अंडं धाकटी कापते. दोरा वाकडा जातो. मोठं अर्धुक बाईकडे सरकवलं की बाई त्याच्याकडे जरा वेळ बघते, कपाळावरची शीर जागेवरच राहते, आणि खाते.

तपासणीला मात्र ती एक दिवस चुकवत नाही. तिला ती नवी गोळी नाही, काही नाही, तरी धाकटीला घेऊन ठरल्या वेळेआधी जाऊन बाकावर बसते. बाकीचे विचारतात, मावशी, तुमचं औषध तर बंद झालं, आता कशाला येता? ती म्हणते, "मोजून घ्यायला."

सिस्टर एकेक पेर हातात घेते, स्वतःच्या नखाकडे बघत दाबते. पूर्वी बाई तिचं मन राखायला अर्ध्या ठिकाणी नाही म्हणायची. आता म्हणत नाही.

"इथं दुखतं?"

"दुखतं."

"इथं?"

बाई नख पांढरं होईपर्यंत थांबते, स्वतःच्या बोटाला नीट विचारून घेते, आणि मग सांगते, "इथंही दुखतं. लिही."